चार भाषांचं फ्यूजन भजन बसवताना: आधी पट्टी, शेवटी पेडल

घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत जून-जुलैमध्ये हे दृश्य हमखास दिसतं. आयटीतल्या कुणीतरी हँडपॅन (हातांनी वाजवायचं, ठरावीक सुरांचं पोलादी वाद्य) मागवलेलं असतं, दुसऱ्याकडे गोव्याहून आणलेला जेंबे (आफ्रिकी ढोल), एका मुलाकडे गिटार आणि डिलेचं (प्रतिध्वनी देणारं) पेडल, आणि बी विंगमधल्या बुवांचं पेटी-पखवाजासकट अख्खं भजनी मंडळ. गणपतीत 'काहीतरी वेगळं' करायचं ठरतं: तुकोबा, कबीर, पंजाबी सूफी कवी बुल्लेशाह आणि एखादं कानडी पद. पहिल्या रविवारी पेडल जोडतात, क्लबहाउसभर आवाज घुमतो, सगळे खूश. तिसऱ्या रविवारी बुवा म्हणतात, "अरे, माझा गळा इथे लागत नाही." चौथ्या रविवारी कळतं की हँडपॅन पेटीशी जुळतच नाही. आणि कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्या रांगेतल्या आजी शेजारणीला विचारतात, "ही कुठली भाषा गं?" तेव्हा मंचावर मराठी अभंग चाललेला असतो.

मी अशा गटांना पेटीची साथ करतो आणि कुणी मिळालं नाही की साउंड मिक्सरवरही बसतो. बिघडतं ते वाजवण्यात नाही, क्रमात. शेवटी करायच्या गोष्टी आधी उरकलेल्या असतात. खालचा क्रम आठ रविवारांचा आहे. सहा-सात माणसं, दीड तासाचा कार्यक्रम, आणि सोसायटीचा हॉल किंवा वाशी-नेरूळकडचं एखादं छोटं सभागृह असं धरून लिहिलंय.

## १. सूर न हलणारी वाद्यं आधी मोजा

पहिल्या रविवारी एकही रचना वाजवू नका. एका कागदावर दोन रकाने करा. एकीकडे ज्यांचा सूर हलवता येतो ती वाद्यं: गिटार, ऊद (अरबी तंतुवाद्य), दिलरुबा, तबला, पखवाज. दुसरीकडे ज्यांचा हलत नाही ती: हँडपॅन, डिजरीडू (ऑस्ट्रेलियातलं लांब नळीचं फुंकवाद्य), मोरचंग (तोंडात धरून वाजवायचं लोखंडी वाद्य), बासरी, दुदुक (आर्मेनियातलं सनईसारखं वाद्य), तारपा (आदिवासींचं भोपळ्याचं फुंकवाद्य). पेटी याच दुसऱ्या रकान्यात लिहा. ती कुठल्याही पट्टीत वाजत असली, तरी तिचे सूर जिथे लावले आहेत तिथेच राहतात.

आता फोनवर ट्यूनर (सूर मोजणारं ॲप) उघडा आणि दुसऱ्या रकान्यातलं प्रत्येक वाद्य त्यासमोर वाजवा. बहुतेक ट्यूनर पांढरी सहा (पेटीच्या सप्तकातली सहावी पांढरी पट्टी, इंग्रजीत ए) ४४० हर्ट्झ धरतात. काटा किती सेंट (सूर मोजायचं माप) पुढे-मागे जातो ते वाद्याच्या नावापुढे लिहा. एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंत १०० सेंट असतात. दोन वाद्यांमध्ये पाच-सहा सेंटचा फरक कानाला चालतो. दहाच्या पुढे लांब सुरांवर लाटा ऐकू येऊ लागतात आणि गाणाऱ्याला कळत नाही की आपला सूर का डळमळतोय.

सावध: ऑनलाइन मिळणारी बरीच हँडपॅन ४३२ हर्ट्झवर लावलेली असतात आणि ते मोठ्या कौतुकाने सांगितलं जातं. ४३२ आणि ४४० यांत जवळपास ३२ सेंटचा फरक आहे, म्हणजे एका पट्टीचा तिसरा हिस्सा. अशी हँडपॅन आणि पेटी एकत्र वाजली की दोन भजनी मंडळं शेजारी-शेजारी गात असल्यासारखं वाटतं. हँडपॅनचा सूर घरी बदलता येत नाही, ते कारागिराचं हातोडीचं काम आहे. मार्ग दोनच. त्या रचनेपुरती पेटी बाजूला ठेवा आणि गिटार, तंबोरा ॲप, तबला असं सगळं ४३२ वर आणा. नाहीतर हँडपॅन बाजूला ठेवा. ज्याने ते आणलंय तो रुसेल, पण हे पहिल्याच रविवारी सांगून टाका.

डिजरीडू विकत घेण्याआधी हार्डवेअरच्या दुकानातला पीव्हीसी पाइप वापरून बघा. पांढरी दोनचा खर्ज हवा असेल तर सव्वा मीटरचा तुकडा घ्या, वाजवा, ट्यूनरवर बघा आणि एकेक सेंटिमीटर कापत वर या. एकदम कापलात तर नवा पाइप आणावा लागेल.

डहाणू-जव्हारकडचा तारपा आणि तो वाजवणारा माणूस मिळाला तर नशीब, पण त्याला पेटीच्या सुरात बसवायला जाऊ नका. त्याचा सूर त्याचा असतो. कार्यक्रमात त्याला पाच मिनिटं स्वतंत्र द्या, सोबत फक्त चामड्याची वाद्यं.

## २. पट्टी ठरवा, गळ्यासाठी

दुसऱ्या रविवारी फक्त गाणारे बसतील. पेटी आणि तंबोरा ॲप पुरे.

इथली नेहमीची अडचण अशी की पुरुषांचा गळा काळी एक-दोनला बसतो, बायकांचा काळी चार-पाचला. मग 'मधलं' म्हणून पांढरी चार किंवा काळी तीन घेतात आणि दोघांचेही हाल करतात. मधलं काढायची गरज नसते. काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार. पुरुषांनी काळी एकला सा धरावा, बायकांनी आपलं कडवं त्याच पंचमाला सा मानून गावं. खालचा तंबोरा फारसा बदलावा लागत नाही आणि कडव्याचा रंग मात्र बदलतो.

हँडपॅन असेल तर हेच गणित त्याच्यावर मांडा. सर्रास मिळणारं हँडपॅन डी कुर्द जातीचं असतं. मधला ठोका पांढरी दोनचा (डी), भोवती ए, बी फ्लॅट, सी, डी, ई, एफ, जी, ए. पांढरी दोनला सा धरलात तर हा आसावरी थाट (रागांचा मूळ सूरसंच) होतो: ग, ध, नी कोमल. हेच सूर पांढरी सहाला सा धरून वाजवलेत की चोख भैरवी. पांढरी पाचवरून काफी निघतो. पांढरी चारवरून भूपाचे पाचही सूर मिळतात. पुरुषांसाठी पांढरी दोन म्हणजे काळी एकपेक्षा जेमतेम एक पट्टी वर, आणि बायकांसाठी पांढरी सहा म्हणजे काळी चार आणि पाचच्या बरोबर मध्ये. म्हणूनच हँडपॅन असलेल्या गटाला मी डोळे झाकून पांढरी दोन सांगतो.

एक काळजी घ्या. बायकांच्या कडव्याला तंबोऱ्यातली पांढरी दोन त्यांचा मध्यम होते. म्हणजे तंबोरा सा-प नसून सा-म झाला. भैरवीला तो शोभतो. पण काफी किंवा भूप घेताना हँडपॅनचा मधला ठोका सतत वाजवलात तर कान पुन्हा पांढरी दोनकडेच ओढला जाईल. तिथे तो ठोका मोजकाच ठेवा. यमनातला अभंग या वाद्यावर बसवायचा हट्ट तर नकोच. तीव्र मध्यमाची सोय करायला जाल आणि सगळा अभंग वाद्याच्या मर्जीवर चालेल.

तपासा: प्रत्येक गाणाऱ्याने त्याच्या वाट्याची सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची ओळ चाळीस मिनिटं गाऊन झाल्यावर, मांडी घालून, पुन्हा म्हणून दाखवायची. ताज्या गळ्यावर ठरवलेली पट्टी कार्यक्रमाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात दगा देते.

## ३. शब्द निवडा

दीड तासाला सहा रचना पुरतात. एका रचनेत दोनच भाषा. तीन भाषा घेतल्या की श्रोता ऐकणं सोडून ओळखपरेड करू लागतो.

दोन भाषा जोडताना त्यांच्यात काहीतरी दुवा हवा. सगळ्यात सोपा दुवा नावाचा. पुरंदरदासांच्या कानडी पदांत 'पुरंदर विठ्ठल' ही मुद्रा (कवीची सही) येते, त्यामुळे मराठी अभंगानंतर ते पद आलं तर समोरच्याला काही समजावून सांगावं लागत नाही. 'विठ्ठल' ऐकू आला की टाळी आपोआप पडते. पंजाबीकडे जायचं तर वाट नामदेवांची: त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. दुसरा दुवा भावाचा. तुकोबांचा दांभिकांवर ओढलेला आसूड आणि कबीराचा त्याच जातीचा दोहा शेजारी ठेवा. विरहाचा अभंग आणि विरहाची सूफी काफी (हा पदाचा प्रकार, काफी राग नव्हे) हेही जमतं. नुसतं 'दोन्हीत देव आहे' हा दुवा नव्हे.

काय घेऊ नये, हेही इथेच ठरवा:

कुराणाच्या आयती आणि अजान वाद्यांवर घेऊ नका. सूफी कवींचा कलाम गाण्यासाठीच आहे, तो घ्या. गुरबाणीचा शबद (गुरू ग्रंथ साहिबातलं पद) घेणार असाल तर एकही शब्द बदलू नका, मध्येच तोडून दुसरं काही घुसवू नका, गाताना डोकं झाका आणि आधी जवळच्या गुरुद्वाऱ्यात जाऊन विचारा. इफेक्ट्सच्या धुक्यात गुरबाणी चालेल का, याचं उत्तर आपण द्यायचं नाही. वेदमंत्रांचे स्वर ठरलेले असतात, त्यांना चाल लावू नका, स्तोत्र किंवा नामगजर घ्या. हिब्रू ओळ हवी असेल तर ठाण्यात सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आहे आणि बायबलमधल्या कथांवर मराठीतून कीर्तन करण्याची परंपरा बेने इस्रायलींकडे, म्हणजे आपल्याकडच्या मराठी भाषक ज्यूंकडे, होती. विचारायला माणसं जवळ असताना ऑनलाइन ऐकून उच्चार उतरवण्यात अर्थ नाही. आणि 'किरिये एलेइसोन' ('प्रभू, दया कर' ही ख्रिस्ती प्रार्थना) घेणार असाल तर निवेदनात त्याला लॅटिन म्हणू नका, ते ग्रीक आहे.

हक्कांचं थोडक्यात: संतांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण ज्या चालीने ते तुम्हाला पाठ आहेत ती चाल बऱ्याचदा एखाद्या संगीतकाराची असते. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. रेकॉर्डिंग ऑनलाइन टाकायचं असेल तर पारंपरिक चाल घ्या किंवा स्वतः बांधा.

## ४. उच्चार

इथे एक संपूर्ण रविवार द्या. गट हा रविवार वगळतात आणि म्हणून त्या आजींना मराठी ओळखू येत नाही.

प्रत्येक रचना देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहून काढा, मग ज्याची ती भाषा आहे त्याच्याकडून ओळ-ओळ वाचून घ्या आणि फोनवर रेकॉर्ड करा. वाचून, गाऊन नाही. गाताना माणूस उच्चार चालीत बुडवतो.

मराठी गाणाऱ्या अमराठी मंडळींच्या दोन चुका ठरलेल्या. 'ळ'चा 'ल' होतो आणि दंत्य 'च', 'ज', 'झ' तालव्य होतात. 'माझा' म्हणताना जीभ दातांकडे जाते, 'जीव' म्हणताना टाळूकडे. हे चिन्हाने लिहून दाखवा, कारण लिपीत ते दिसत नाही. आपल्या चुका उर्दू-पंजाबीत: आपण 'फ' ओठ मिटून म्हणतो, तिथे तो ओठ-दातांतून हवा सोडत म्हणायचा आहे. 'ख़' आणि 'ग़' घशातून येतात. पंजाबीत शब्दाच्या सुरुवातीचे घ, झ, ध, भ जवळपास क, च, त, प असे होतात आणि सूर खाली दबतो. 'घर' पंजाबी माणूस कसं म्हणतो ते एकदा ऐका, मग लिहिलेलं वाचून गाण्याची हिंमत होणार नाही. गुरमुखीतून उतरवलेल्या गुरबाणीत शब्दाच्या शेवटी ऱ्हस्व इकार-उकार दिसतात, ते बहुतेक ठिकाणी उच्चारत नाहीत. कानडीत ए आणि ओ ऱ्हस्व व दीर्घ असे वेगळे असतात, आपल्या कानाला ते सारखेच वाटतात. जोडाक्षरावर पुरेसं थांबायचं, घाई नाही.

संस्कृतात भांडण वेगळं. 'ज्ञ'ला आपण 'द्न्य' म्हणतो, हिंदी भाषक 'ग्य' म्हणतात. 'ऋ'चा आपण 'रु' करतो, ते 'रि' करतात. कुणाचं बरोबर यावर संध्याकाळ घालवू नका. कोरसमध्ये एकच उच्चार ठेवा, कुठला ते मुख्य गायक ठरवेल.

तपासा: बाहेरच्या एका माणसाला बोलवा, ओळी दाखवू नका, फक्त ऐकवा. त्याला त्याच्या भाषेतले दहापैकी नऊ शब्द लिहून काढता आले पाहिजेत. सध्या वाद्यं नाहीत, त्यामुळे सबबही नाही.

## ५. छंद आणि ठेका

अभंगात अक्षरं मोजतात, दोह्यात मात्रा. मोठ्या अभंगाची ओवी ६-६-६-४ अक्षरांची, दोह्याची ओळ १३-११ मात्रांची. म्हणूनच कबीराचा दोहा तुकोबांच्या चालीत 'जवळपास' बसतो आणि दर दुसऱ्या ओळीला एक शब्द कोंबावा लागतो. तो कोंबलेला शब्द सगळ्यांना ऐकू येतो.

उपाय साधा आहे. दोहा ठेक्यात घेऊच नका. तंबोऱ्यावर मोकळा म्हणा, आलापीसारखा, आणि शेवटच्या शब्दावर पखवाजाने सम पकडून अभंगात शिरा. पाच मिनिटांत बसणारी गोष्ट आहे, आणि कानाला ती मुद्दाम केलेल्या फ्यूजनपेक्षा चांगली लागते.

दोन्ही ठेक्यातच हवेत असतील तर आधी टाळीवर बोला. भजनी ठेका आठ मात्रांचा. सहा अक्षरं आठ मात्रांत बसवायला दोन अक्षरं लांबवावी लागतात आणि शेवटच्या चार अक्षरांना प्रत्येकी दोन मात्रा मिळू शकतात. कुठली दोन लांबवायची हे गळ्याने नव्हे, अर्थाने ठरवा. 'नाही'मधला 'ना' लांबवलात आणि 'ही' पुढच्या टाळीत ढकललात तर नकार श्रोत्यापर्यंत उशिरा पोचतो.

## ६. लय: बुवा चढणार, यंत्र चढणार नाही

फ्यूजन भजनाची खरी अडचण ही आहे आणि तिच्याबद्दल कुणी आधी बोलत नाही. भजनाची लय चढते. ध्रुवपद संथ सुरू होतं, गजराला पोचेपर्यंत ठेका जवळपास दुप्पट होतो, टाळकरी आणि श्रोते त्या चढावरच स्वार होतात. लूप (फिरून-फिरून वाजणारा रेकॉर्ड केलेला तुकडा), क्लिक (ठरल्या वेगाची टिकटिक) आणि वेळ बांधलेला डिले मात्र जिथे लावला तिथेच राहतो. मग दोनातलं एक घडतं. गिटारवाला मुलगा लूपला चिकटतो आणि बुवांचा पखवाज त्याच्यापुढे पळतो. किंवा सगळे मिळून बुवांना सांगतात, "काका, क्लिकवर राहा ना", आणि बुवांच्या भजनातला जीव जातो. मी दोन्ही पाहिलंय. दुसरं बघायला जास्त वाईट वाटतं.

असं करा. प्रत्येक रचनेचे लयीनुसार दोन किंवा तीन टप्पे पाडा. पहिला टप्पा मोकळा, ठेका नाही. दुसरा स्थिर लयीचा: इथे लूप, डिले, हँडपॅनची ठरलेली फिरत, सगळं चालेल. तिसरा चढता: इथे लूप बंद, डिले बंद, फक्त तंबोरा आणि माणसं. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना पखवाजाचा एक ठरलेला तुकडा वाजतो आणि त्याच तुकड्यावर पेडलवाला पाय ठेवतो. हा इशारा डोळ्यांचा नको, कानाचा हवा. मंचावर अंधार असतो.

सावध: ॲपमधला 'ठोका' आणि तबलजीची 'मात्रा' एकच नसतात. ॲप ८० म्हणतं तेव्हा आठ मात्रांच्या ठेक्यात मात्रा बऱ्याचदा मिनिटाला १६० असतात. तालमीत एकाने "ऐंशी" म्हटलं आणि दुसऱ्याने ते मात्रांना लावलं, तर अर्ध्या वेगात अर्धा तास जातो. कागदावर दोन्ही आकडे लिहा.

## ७. वाद्यांची वाटणी

आता, पाचव्या रविवारी, सगळी वाद्यं बाहेर काढा आणि लगेच निम्मी पुन्हा ठेवून द्या.

खर्जात एका वेळी दोनच वाद्यं. डिजरीडू, पखवाजाचं डावं तोंड, जेंबेच्या मधोमध पडणारी थाप आणि गिटारच्या जाड तारा, हे चौघे एकाच खोलीत राहणारे भाडेकरू आहेत. एकत्र वाजले की भिंती थरथरतात आणि शब्द गडप होतात. पखवाज असेल तर जेंबेवाल्याने मधली थाप सोडून कडेची हलकी बोटं वाजवावीत. डिजरीडू मोकळ्या टप्प्यात चांगला लागतो, पखवाज आला की त्याने गप्प बसावं.

वरच्या बाजूला टाळ. टाळांचा चमकता आवाज नेमका तिथेच असतो जिथे व्यंजनांची धार असते. कडव्याला टाळांच्या दोनच जोड्या, त्याही अर्ध्या दाबून. गजराला सगळे. सहा टाळकऱ्यांना पाच मिनिटं हात राखून बसायला सांगणं अवघड आहे हे मला माहीत आहे. बुवांकडून सांगून घ्या, तुमचं ऐकणार नाहीत.

आणि धुंदीबद्दल. सायकेडेलिक म्हणजे खूप आवाज, अशी समजूत आहे. कानाला चढते ती एकच गोष्ट खूप वेळ चालू राहून तिच्यात नकळत झालेला बदल. आपल्या नामगजरात हे आधीच आहे. म्हणून स्थिर टप्प्यात सोळा आवर्तनांत एकच बदल करा: एक वाद्य आत येईल किंवा एक बाहेर जाईल. मिनिटाला १६० मात्रा असतील तर सोळा आवर्तनं म्हणजे अठ्ठेचाळीस सेकंद. वाजवणाऱ्याला ते युग वाटतं, ऐकणाऱ्याला नाही.

तपासा: या टप्प्यावर अख्खा कार्यक्रम विजेशिवाय, हॉलमध्ये बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवा. तो असाच ऐकवावासा वाटत नसेल तर पुढे जाऊ नका. उणीव वरच्या सहा टप्प्यांपैकी कुठल्यातरी एकात आहे आणि पेडल ती झाकू शकत नाही.

## ८. इफेक्ट्स

सहावा रविवार. आता त्या मुलाला पेडल काढू द्या. एवढे आठवडे तो शहाण्यासारखा थांबलाय.

डिलेची वेळ कानाने शोधू नका, काढा: ६०,००० भागिले मिनिटाचे ठोके. ८० ठोक्यांना ७५० मिलिसेकंद. त्याच्या पाऊणपट, म्हणजे सुमारे ५६२, घेतलंत तर प्रतिध्वनी ठेक्याच्या मधल्या फटींत पडतो आणि कमी वाजवूनही भरलेलं वाटतं. पुनरावृत्त्या दोन-तीन. ७२ ठोक्यांना बसवलेला ८३३ मिलिसेकंदांचा डिले ११० च्या लयीला तसाच राहिला तर प्रत्येक प्रतिध्वनी चुकीच्या जागी आदळतो, कारण तिथे ५४५ हवा. चढत्या टप्प्यात डिले का बंद ठेवायचा, ते यावरून कळेल.

कुणाला काय द्यायचं, तेही ठरलेलं असू द्या. गिटार, बासरी, दुदुक यांना डिले आणि रिव्हर्ब (मोठ्या हॉलसारखा घुमारा). हँडपॅन स्वतःच घुमतं, त्याला रिव्हर्ब नावापुरता. पेटीला काहीही नाही. तिचा सूर अखंड असतो, प्रतिध्वनी सुटा ऐकूच येत नाही, नुसता चिखल होतो. पखवाज, तबला, टाळ कोरडे.

गळ्याचं सांभाळून करा. 'विठ्ठल'मधला 'ठ्ठ' हा एक छोटासा बांध आहे, डिले लावलात की तो तीनदा फुटतो आणि नावाचा चेंदामेंदा होतो. शब्द चालू असताना डिले शून्य. आलापाला किंवा ओळीच्या शेवटच्या अक्षराला तेवढ्यापुरता उघडायचा, आणि त्यासाठी मिक्सरवर एक माणूस ज्याला सगळे शब्द पाठ आहेत. बाहेरून आलेल्या साउंडवाल्याला कानडी पदाची ओळ कुठे संपते हे कळणं शक्य नाही, त्याला दोष देऊ नका. रिव्हर्बला ४० ते ६० मिलिसेकंद उशिरा सुरू होऊ द्या, म्हणजे व्यंजन कोरडं पोचतं आणि घुमारा मागून येतो. रिव्हर्बच्या आवाजातला २५० हर्ट्झखालचा भाग कापा.

माझी आवडती युक्ती तंबोऱ्यावरची. तंबोरा ॲपच्या आवाजाला फेझर (आवाजाचा पोत लाटेसारखा फिरवणारा इफेक्ट) लावा, इतका संथ की एक फेरी दहा-बारा सेकंदांची. कुणाला काही केलंय असं जाणवत नाही, पण हॉल हळूहळू श्वास घेऊ लागतो. फोन फ्लाइट मोडवर ठेवा. भैरवीच्या मध्यावर मी पेढेवाल्याचा फोन स्पीकरवर ऐकलेला आहे.

## ९. हॉल, वीज, परवानगी

सोसायटीच्या क्लबहाउसात काच आणि टाइल्स असतात, टाळी वाजवली की उत्तर येतं. सतरंज्या, गाद्या, पडदे जेवढे मिळतील तेवढे टाका. स्पीकर गाणाऱ्यांच्या पुढे, कधीही मागे नाही.

गुरगुर येत असेल तर ती विजेची आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे गुरगुर ५० आणि १०० हर्ट्झवर असते, म्हणजे पांढरी पाचच्या किंचित वर. पांढरी दोनच्या कार्यक्रमात हा चढा मध्यम झाला. गाणारा त्याच्याकडे ओढला जातो आणि त्याला पत्ताही लागत नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या, गिटार डीआय बॉक्समधून (गिटार आणि मिक्सर यांच्यामधली गुरगुर कमी करणारी डबी) द्या.

लाउडस्पीकरसाठी परवानगी पोलीस ठाण्यातून आधी काढून ठेवा. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, सणाच्या काही जाहीर दिवसांची सवलत सोडून. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. संध्याकाळी साडेसहाला सुरू करा.

## १०. कार्यक्रमाचा दिवस

चामड्याची वाद्यं दोन तास आधी हॉलमध्ये आणा. पावसाळ्यात घोडबंदरच्या कोंडीत टेम्पोमध्ये बसलेला जेंबे सैल होऊनच उतरतो, एसी हॉलमध्ये पुन्हा ताणला जातो. आल्या-आल्या दोऱ्या ओढलेल्या जेंबेची पुडी एसीत फाटलेली मी पाहिली आहे. तबल्याचे गट्टेही तासाभराने ठोका. पखवाजाच्या डाव्या तोंडाची कणीक वाजवायच्या थोडं आधी लावा, एसीत ती लवकर सुकते. तारप्याचे सांधे मेणाचे असतात, तो गाडीत उन्हात ठेवू नका.

साउंड चेकचा क्रम: आधी तंबोरा, मग गळे, मग पखवाज, मग बाकीचे, शेवटी इफेक्ट्स. साउंडवाला सवयीने ड्रमपासून सुरू करतो. त्याला चहा द्या आणि क्रम बदलायला सांगा. गळ्यांना जेवढी जागा लागते तेवढी आधी देऊन टाकली की बाकीचे उरलेल्या जागेत बसतात. उलट केलंत तर रात्री नऊपर्यंत "माइक वाढव" एवढंच ऐकू येतं.

मंचावर प्रत्येकासमोर एकच कागद: रचनेचं नाव, सा कुठला, ठोके आणि मात्रा, टप्पे, इशाऱ्याचा तुकडा. निवेदन भाषा बदलण्याआधी, दोन वाक्यांचं, अर्थ सांगणारं. रचनेच्या मध्ये बोलू नका.

भैरवी झाली, आरती झाली, प्रसाद वाटायला सुरुवात झाली की सगळे मंच सोडून पळतात. थांबा. हँडपॅनवर हातांचा घाम राहतो आणि इथल्या दमट हवेत त्या पोलादाला आठवड्याभरात गंजाचे ठिपके येतात. सुती कापडाने कोरडं पुसा, नंतर घरी तेलाचा पुसट हात फिरवा. पखवाजाची कणीक आजच खरवडून काढा. आणि सगळ्यांचे कागद गोळा करून ठेवा, चुका झाल्या तिथे पेन्सिलीने खूण करून. पुढच्या वर्षी हँडपॅनवाला बदलीवर गेलेला असेल आणि कुणाला तरी सितार सापडलेली असेल.